अंगावरचं दूध, ओटीपी आणि फोन कोणाच्या खिशात

माझी पोरगी २४ जानेवारीला सहा महिन्यांची झाली. सहा महिने नुसतं अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. पहिलटकरणीला सरकार देतं त्या मातृवंदना योजनेच्या पैशांचे दोन्ही हप्ते जमा झाले, अंगणवाडीचा आहारही सुरळीत मिळाला. हे लिहायला बसले कारण गावातल्या दोन-तीन गरोदर बाया आणि माझी मावसबहीण सारखं विचारून राहिल्या की तू हे सगळं कसं केलं, कोणतं ॲप टाकलं, पैसे किती दिवसांनी आले, आणि प्रत्येकीला फोनवर सांगत बसले की माझी पोरगी उठते.

मी नर्स नाही, आशाही नाही. बी.ए. झालेली आहे. सासर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात, माहेर वर्धा जिल्ह्यात, घरी चार एकर कोरडवाहू आणि हे चाकणला कंपनीत कंत्राटावर. रेशनकार्ड पिवळं. म्हणजे ज्या बायांसाठी ही ॲपं काढतात म्हणतात, त्यातलीच मी.

जानेवारी २०२५ मध्ये, तिसरा महिना सुरू होता तेव्हा, उपकेंद्रात नाव टाकलं. सिस्टरनं आधार, रेशनकार्ड, पासबुक पाहिलं आणि मोबाईल नंबर विचारला. तेव्हा घरात दोन फोन, एक सासऱ्यांचा बटणाचा आणि एक ह्यांचा, तो चाकणला. आमच्या गावात सगळ्या सुना नवऱ्याचाच नंबर देतात, मीही तोच सांगितला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या बाया देशात ५४ टक्के निघाल्या होत्या. बाकीच्यांचं काय? त्यांच्या योजना नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, भावाच्या खिशात वाजत असतात.

माझीही तिथंच वाजत होती. होळीच्या आसपास एकदा हे फोनवर म्हणाले, "अवं, कोणी डॉक्टर अनिता मले दर आठवड्याले फोन करून राहिली, म्हणते लोहाच्या गोळ्या घ्या, डाव्या कुशीवर झोपा." खोलीवरच्या पोरांनी ह्यांना लय चिडवलं म्हणे. ती डॉक्टर अनिता म्हणजे किलकारी. केंद्र सरकारची फोनसेवा आहे, २०१६ मध्ये सुरू झाली, महाराष्ट्रात २०२४ पासून आहे. ह्याला ॲप लागत नाही, इंटरनेट लागत नाही, बटणाच्या फोनवरही येते आणि फुकट आहे. चौथ्या महिन्यापासून लेकरू वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक, असे ७२ कॉल. उपकेंद्रात जो नंबर दिला असेल त्यावरच येतात. अर्ज वगैरे काही करावा लागत नाही, म्हणून बऱ्याच जणींना माहीतच नसतं की आपल्या नावाचा असा फोन कुठंतरी येऊन राहिला आहे. ह्यांनी ड्युटीवर असताना किती कॉल कापले देव जाणे.

मग ठरलं की मला फोन घ्यायचा. यवतमाळहून सेकंडहँड घेतला, ४,२०० रुपयांना, बॅटरी यथातथाच होती पण कॅमेरा चांगला. सिम माझ्या नावाचं. पुढच्या वेळी उपकेंद्रात गेले तेव्हा सिस्टरला नंबर बदलून मागितला, तिनं तिथल्या तिथं करून दिला आणि माताबालक कार्डावरही खोडून नवा लिहिला. पुढच्या आठवड्यापासून डॉक्टर अनिता मला फोन करायला लागली. एखादा कॉल चुकला तर त्याच नंबरवरून १४४२३ ला लावायचं, पुन्हा ऐकता येतो.

पैशाचं प्रकरण जरा किचकट आहे, म्हणून सविस्तर लिहिते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या लेकराला ५,००० रुपये मिळतात. ३,००० चा हप्ता नोंदणी आणि निदान एक तपासणी झाल्यावर, २,००० चा लेकराच्या जन्माची नोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६,००० एकदम. आपल्याकडे फॉर्म आशाताई भरून देतात, माझा फेब्रुवारीत भरला. पासबुकाची झेरॉक्स लावली होती, त्यामुळं पैसे त्या खात्यात येतील असं घरी सगळे धरून चालले होते. तसं होत नाही. पैसे आधारवर जातात, म्हणजे तुमचं आधार शेवटी ज्या बँक खात्याला जोडलं गेलं असेल त्या खात्यात, पासबुक कोणतंही लावा. माझं आधार कॉलेजात असताना स्कॉलरशिपसाठी काढलेल्या खात्याला जोडलेलं, आणि ते खातं वापर नसल्यानं बंद पडलेलं.

हे कळलं कसं, तर मायआधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस म्हणून आहे तिथं दिसतं. पण ते बघायला ओटीपी लागतो, आणि माझ्या आधारला नंबर होता बाबांचा जुना, जो बंद होऊन चार वर्षं झाली. म्हणजे आधी आधारला नंबर जोडा, मग खातं बघा, मग खातं बदला, मग पैसे. हे काम पोस्टमनभाऊंनी घरी येऊन केलं. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेतर्फे पोस्टमन आधारचा मोबाईल नंबर बदलून देतात, तेव्हा फी ५० रुपये होती, १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ झाली. त्यांच्याकडेच खातं उघडलं आणि आधार त्या खात्याला जोडून घेतलं. मार्च अखेरीस हे झालं, सीडिंग बदललेलं दिसायला काही दिवस गेले, आणि पहिला हप्ता ११ जूनला जमा झाला. तोवर आशाताईंना किती वेळा विचारलं असेल, त्या बिचाऱ्या दर वेळी तोंड गोड ठेवून सांगायच्या, "येते वं, वरून यायचं आहे." मातृवंदना आणि पोषण आहाराची चौकशी १४४०८ वर फोन करूनही करता येते, फुकट आहे, मला तिथून निदान अर्ज मंजूर आहे एवढं पक्कं कळलं आणि झोप लागली.

म्हणून मावसबहिणीला मी सगळ्यात आधी हेच सांगितलं की चाचणी पॉझिटिव्ह आली की ॲप शोधत बसू नको, आधी तुझ्या नावाचं सिम घे, ते आधारला जोड, खातं तपास, आणि मगच उपकेंद्रात नंबर सांग. सातव्या महिन्यात पोट घेऊन आधार केंद्राच्या रांगेत उभं राहणं जमत नाही.

जूनमध्ये माहेरी आले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. तिथं दुपारी काम नसायचं, मग ॲपं टाकून बघितली. एक फार छान दिसत होतं, पोटातलं बाळ आता कोणत्या फळाएवढं झालं ते दर आठवड्याला दाखवायचं, भाषेत मराठी निवडता यायची पण अर्ध्या पानावर पुन्हा इंग्रजीच. आहारात काय, तर एवोकॅडो, ओट्स आणि सामन मासा. आमच्या गावच्या बाजारात बुधवारी वांगे, सांभार (कोथिंबीर), मेथी आणि शेपू मिळते. आणि प्रत्येक दोन पानांनी एक कुलूप, उघडायचं तर महिन्याला चारशेच्या आसपास भरा. माझं रिचार्ज २८ दिवसांचं दोनशेचं, ते आधीच जिवावर आलेलं. दुसरी एक गोष्ट माझ्या कामाची निघाली, आयआयटी मुंबईचे हेल्थ स्पोकन ट्युटोरियलचे व्हिडिओ. मराठीत आहेत, फुकट आहेत, बाळाला अंगावर कसं घ्यायचं ते बाहुली आणि चित्रं घेऊन सावकाश दाखवतात. तेव्हा मी ते बघितले आणि वाटलं, एवढं काय त्यात, लेकरं काय कोणी व्हिडिओ बघून पाजतं का. भाऊ तालुक्याला गेला तेव्हा त्याच्या मित्राच्या वायफायवर ते फोनमध्ये उतरवून आणले, कारण माहेरी रेंज फक्त गच्चीवर.

२३ जुलैच्या रात्री कळा सुरू झाल्या. पाऊस धो धो. १०२ ला फोन लावला, गाडी आली, सरकारी दवाखान्यात नेलं, येताना घरी सोडलं, दोन्ही वेळा एक रुपया लागला नाही. जेवण, औषधं, रक्त तपासण्या, सगळं फुकट, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात ते आपल्या हक्काचं आहे, कोणी चहापाण्याचे मागितले तर देऊ नका. पिवळं कार्ड होतं म्हणून जननी सुरक्षाचे ७०० रुपये वेगळे, ते नंतर खात्यात आले. २४ ला सकाळी पोरगी झाली, २ किलो ६०० ग्रॅम. सिस्टरनं पुसून तशीच छातीवर ठेवली, तासाच्या आत तोंडात दिलं, चीक घट्ट पिवळा, थेंबभरच. बाजूच्या खाटेवरच्या आजीनं मधाची बाटली काढलीच होती आणि माझ्या मायलाही देत होती, "बोटभर चाटवा, जीभ पातळ होते." मी नको म्हटलं तर माय माझ्यावरच डाफरली. मग मी १४४२३ लावला आणि स्पीकरवर टाकला. पोरीचं ऐकायचं नाही पण फोनमधली डॉक्टरीण बोलली की खरं, असं आहे मायचं. मध, घुटी, पाणी, सहा महिने काहीच नाही, हे तिनं ऐकलं, आणि मग बाजूच्या आजीलाही ऐकवलं.

घरी आल्यावरचा आठवडा मात्र कठीण गेला. तिसऱ्या दिवशी पान्हा आला, छाती दगड झाली, आणि पोरगी टोकालाच धरून ओढायची. चिरा पडल्या. पाजायची वेळ आली की मी आधीच दात आवळून बसायची, रात्री तर ती रडायला लागली की मीही रडायची. शेक-शेगडी, अळीवाची खीर, शेपूची भाजी, डिंकाचे लाडू, मायनं काही कमी केलं नाही, पण पोरगी किरकिर करतच राहायची. त्या छान दिसणाऱ्या ॲपमध्ये मी डावीकडे किती मिनिटं, उजवीकडे किती, सगळं टाकत होते आणि त्याचा आलेख लाल झाला, बाळ उपाशी असू शकतं असं लिहून आलं. त्याच पानावर खाली पावडरच्या दुधाची जाहिरात. आपल्या देशात १९९२ चा कायदा आहे, लेकरांच्या दुधाच्या पावडरची जाहिरात करायचीच नाही असा, दोन वर्षांपर्यंतच्या लेकरांसाठीची. रात्री दोन वाजता फाटलेल्या छातीनं बसलेल्या बाईला कोण कायदा सांगणार. माय म्हणाली, "दूध नाही पुरून राहिलं वाट्टे, डबा आणू." भावानं सकाळी ४०० ग्रॅमचा डबा आणला, चारशे रुपये गेले, आणि तो किती दिवस पुरला असता? आठवडाही नाही. मग डब्यामागे डबा, नाहीतर पातळ करून पाजा, आमच्याकडे पातळच करतात.

डबा उघडायच्या आधी सातवा दिवस आला आणि माहेरच्या आशाताई आल्या. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. तिसऱ्या दिवशी पावसानं पूल बंद होता म्हणून त्यांचा फक्त फोन आला होता. (ही घरी येऊन बाळ तपासायची पद्धत आपल्या गडचिरोलीतली बरं का, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी त्यांच्या सर्च संस्थेत गावातल्याच बायांना शिकवून ती उभी केली, १९९९ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आली, आणि आता देशभर आशा तेच करतात.) त्यांनी काट्यावर घातलं, २ किलो ४००. माय कपाळाला हात लावून बसली. आशाताई म्हणाल्या, "पहिल्या आठवड्यात उतरतेच, दहा टक्क्यांच्या आत आहे, दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर आली पाहिजे. लघवी किती वेळा करते?" आम्ही लंगोट मोजले, दिवसाला सहा-सात ओले. "मंग दूध येऊन राहिलं ना बाई. आता पाज, मी पाहते."

पहिल्यांदा कोणीतरी मी पाजताना बघितलं. दोन मिनिटांत त्यांनी सांगितलं की पोरीचं तोंड पुरतं उघडत नाही, ती नुसतं बोंड चावून राहिली. मग माझ्याच फोनवरचा तो व्हिडिओ लावला, फोन उखळाला टेकवून ठेवला आणि तो थांबवत थांबवत माझे हात बसवले. उजवीकडे पाजायचं असेल तर बाळाला डाव्या हातावर घ्यायचं, आपला तळहात तिच्या मानेखाली, बोटं कानांच्या मागे, डोकं दाबायचं नाही. तिचं पोट आपल्या पोटाला. दुसऱ्या हातानं छाती खालून धरायची, बोंड तिच्या नाकासमोर, वरच्या ओठाला लावत राहायचं आणि थांबायचं. ती जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडते तेव्हाच झटकन जवळ घ्यायची, आधी हनुवटी टेकली पाहिजे. खालचा काळा भाग जास्तीत जास्त तोंडात, वरचा थोडा दिसला तर चालतो. खालचा ओठ बाहेर वळलेला, नाक मोकळं. दुखलं तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवायचं आणि पुन्हा लावायचं, दुखत असताना तसंच पाजत बसायचं नाही. त्या दिवशी ती नीट लागली तेव्हा गिळल्याचा आवाज आला, घुट घुट, मायही ऐकत राहिली.

हाच व्हिडिओ मी जूनमध्ये बघितला होता ना? नुसता बघून हात बसत नाहीत. आणि आशाताई नुसत्या तोंडानं सांगून गेल्या असत्या तर रात्री मी विसरले असते, रात्री व्हिडिओ होता. चिरांना त्यांनी काही मलम दिलं नाही, पाजून झालं की शेवटचं दूध चार थेंब लावून वाळू द्यायला सांगितलं, आठवड्याभरात भरल्या. आलेखवालं ॲप त्याच संध्याकाळी काढून टाकलं आणि त्याऐवजी कॅलेंडरवर ओल्या लंगोटांच्या रेघा ओढल्या. चौदाव्या दिवशी २ किलो ६५०, अठ्ठाविसाव्याला ३ किलो १००. डबा मेडिकलवाल्यानं परत घेतला नाही, अजून फळीवर आहे, त्यावरही ठळक लिहिलेलं आहे की आईचं दूध सगळ्यात चांगलं.

सव्वा महिना झाल्यावर, पोळा होऊन गेल्यावर सासरी आले. सासरच्या गावात स्तनदा मातांचा व्हॉट्सॲप ग्रुप केलेला होता, मला त्यात टाकलं. उघडून बघते तर काय, सदस्यांत बाया मोजक्या, बाकी सगळे नवरे आणि दोन सासरे. कारण नोंदणीतले नंबर त्यांचेच. रोज सकाळी गुलाबाच्या फुलाचे शुभ सकाळ, मध्ये कापसाचे भाव, एखादा ट्रॅक्टरचा व्हिडिओ, आणि मधूनच आशाताईंनी टाकलेलं स्तनपानाचं पोस्टर. त्याखाली दहा अंगठे, सगळे पुरुषांचे. आता ह्या ग्रुपात कोणती बाई विचारेल की माझ्या छातीत गाठ झाली, ताप येऊन राहिला, काय करू? आमच्या शेजारची, विसाव्या वर्षी बाळंत झालेली, तिला खरंच गाठ झाली होती आणि ती दोन दिवस अंगावर काढत होती, कारण फोन सासऱ्याजवळ. मी पाणी भरायला गेले तेव्हा कळलं. तिच्या छातीचा फोटो काढून आशाताईंना पाठवता आला असता, पण सासऱ्याच्या फोनवरून? तिला मी घरी बोलावलं, माझ्या फोनवरून आशाताईंना लावून दिलं, त्यांनी त्या बाजूनं पाजणं थांबवू नको म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन औषध सुरू झालं.

मग आशाताईंना मी म्हटलं, ताई, ग्रुप राहू द्या पण दुसरं काहीतरी करा. त्यांनी गुरुवारी दुपारी अंगणवाडीत बसायचं ठरवलं, ज्यांच्याकडे स्वतःचा फोन आहे अशा दोघी-तिघींनी तो आणायचा, व्हिडिओ तिथं सगळ्यांनी मिळून बघायचे. ज्यांना किलकारीचा नंबर बदलायचा त्यांनी तेव्हाच सांगायचं. सासूबाया पण यायला लागल्या. आमच्या आत्या (सासूबाई) आधी म्हणायच्या, "आम्ही सहा लेकरं वाढवली, आमाले कोणी मोबाईल दाखवला होता?" आता त्याच नव्या बाळंतिणीला सांगतात, "बोंड नको देऊ वं, खालचा काळा भाग दे."

अंगणवाडीचा आहार मिळवताना मात्र धावपळ झाली. पाजणाऱ्या आईला बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घरी न्यायचा आहार मिळतो, टीएचआर म्हणतात, आणि १ जुलै २०२५ पासून तो द्यायच्या आधी पोषण ट्रॅकर ॲपमध्ये चेहरा दाखवावा लागतो. ते ॲप आपल्याला टाकायचं नाही, सेविकाताईंच्या फोनमध्ये असतं. आधी आधारचं केवायसी, त्याचा ओटीपी, मग फोटो, मग दर वेळी आहार घेताना चेहरा जुळवायचा. माझं नाव सासरच्या अंगणवाडीत गरोदर म्हणून, बाळंत झाले माहेरी, त्यामुळं दोन्हीकडे ताई म्हणायच्या तिकडून घ्या. एका अंगणवाडीतून दुसरीकडे नाव हलवायची सोय त्यात आहे, पण ते मागावं लागतं. मी माहेरी असताना मागितलंच नाही, सरळ सासरी आल्यावर गरोदर ऐवजी स्तनदा करून घेतलं, बाळाची जन्मतारीख टाकून. माहेरी तीन-चार महिने राहणार असाल तर जायच्या आधीच दोन्ही ताईंना फोनवर बोलायला लावा.

ओटीपीचं माझं अडलं नाही, नंबर माझा होता. शेजारणीचं अडलं. सासरे वावरात, वावरात रेंज नाही, ओटीपी दहा मिनिटांत जातो, संध्याकाळी सासरे आले तर ताई घरी गेलेल्या. चौथ्या दिवशी जमलं. आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रिचार्ज संपून बरेच दिवस झाले की येणारे मेसेजही बंद होतात, म्हणून आहाराच्या आणि केवायसीच्या आठवड्यात रिचार्ज चालू असू द्या, बाकी महिना कसाही काढा. आणि चेहरा घ्यायला अंगणवाडीच्या आत अंधारात नाही, बाहेर सपरीत उजेडात उभं राहायचं, डोक्यावरचा पदर मागे, टिकली-चष्मा जसं पहिल्या फोटोत असेल तसं. बाळंतपणानंतर माझा चेहरा उतरला होता तरी जुळला. जिचा जुळत नाही तिनं रिकाम्या हातानं परतू नये, ताईंना पुन्हा फोटो घ्यायला सांगावं.

लसी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या. शेवटची ३० ऑक्टोबरला बसत होती पण गावात सत्र नोव्हेंबरमध्ये झालं. त्याच दिवशी आशाताईंनी दुसऱ्या हप्त्याचं काम घेतलं, जन्माचा दाखला आणि कार्डावरच्या लसींची पानं. जन्माची नोंद दवाखान्यातच झाली होती, २१ दिवसांच्या आत फुकट होते, नाव नंतर टाकता येते. मातृवंदनाचा अर्ज बाळ जन्मल्यापासून २७० दिवसांपर्यंत करता येतो, म्हणजे राहिला असेल तर घाबरायचं काम नाही. माझे २,००० रुपये ९ जानेवारीला आले.

त्याआधी कापूस फुटला. घरचा वेचायचाच होता आणि बाहेरही किलोला दहा रुपये मिळत होते, हे पैसे कोण सोडतं. पोरगी चार महिन्यांची. इथं बहुतेक जणी वरचं दूध लावतात, गाईचं, पाणी घालून. मी आशाताईंना विचारून हातानं दूध काढायला शिकले, त्याचाही व्हिडिओ आहे. हात धुवून, स्टीलची वाटी-चमचा उकळून, सकाळी पाजून झाल्यावर काढायचं. अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या मागे ठेवून आधी छातीकडे दाबायचं, मग पुढे, बोंड पिळायचं नाही. पहिले काही दिवस तळ झाकण्यापुरतं निघायचं, आत्या म्हणाल्या यात काय होते. आठवड्यात अर्धी वाटी व्हायला लागलं. साध्या हवेत चार तास टिकतं, आमची नोव्हेंबर-डिसेंबरची थंडी असल्यानं जमलं, मे महिन्याच्या पंचेचाळीस डिग्रीत असं बाहेर ठेवायला मी कोणाला सांगणार नाही. थंड झालं तर गॅसवर नाही, गरम पाण्यात वाटी ठेवायची. आत्यांनी चमच्यानं पाजलं, बाटली घरात आणलीच नाही, उरलेलं टाकून द्यायचं. चार तासांच्या आत मी घरी यायची, वावर जवळचं होतं म्हणून हे झालं, दूरच्या वावरात जाणाऱ्या बाईला बाळ सोबतच न्यावं लागतं आणि बांधावरच्या झोळीला अजून कोणतं ॲप निघालेलं नाही.

ह्यांनी डिसेंबरात सुट्टीवर आल्यावर विचारलं, एवढा फोन वापरते तर खर्च किती झाला. फोन ४,२००, रिचार्ज महिन्याला दोनशेच्या घरात, आधारचे ५०, डब्याचे वाया गेलेले चारशे. आले ३,००० आणि ७००, दुसऱ्या हप्त्याचे २,००० तेव्हा यायचे होते. पैशापैशात बरोबरी झाली नाही हे खरं आहे. डबा लावला असता तर काय झालं असतं तो हिशेब मी त्यांनाच करायला लावला.

आता पोरगी ६ किलो ९०० आहे. २४ तारखेनंतर वरणाचं घट्ट, मऊ भात, उकडलेला बटाटा कुस्करून सुरू केलंय, अंगावरचं चालूच आहे, ते दोन वर्षांपर्यंत. अंगणवाडीत आता आहार माझ्या नावानं नाही, पोरीच्या नावानं मिळतो, चेहरा मात्र अजूनही माझाच लागतो, त्यासाठी नोंद पुन्हा बदलून घ्यावी लागली, तीही उजेडात. माझ्या लोहाच्या गोळ्या सहा महिन्यांच्या होत्या त्या संपल्या, कॅल्शियमच्या अजून चालू आहेत. पुढची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, गोवर-रुबेलाची, सोबत अ जीवनसत्वाचा डोस, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येईल.